शकू कोणाच्या ओटीत

६ जानेवारी, सोमवार
उजवा गुडघा बदलावाच लागेल, डॉक्टर म्हणाले. डावा अजून दोन वर्षं निघेल. ऑपरेशननंतर दीड महिना मांडी घालायची नाही, वजन उचलायचं नाही, कुणाला धरून उठवायचं नाही. मी विचारलं, कुणाला म्हणजे? "म्हणजे नातवंडं वगैरे हो, आजी."
नातू आठ किलोचा. नणंद शकू बासष्ट किलोची.
बाहेर आल्यावर हे म्हणाले, चहा घेऊया का. एरवी बाहेरचा चहा म्हणजे यांच्या जिवावर येतं. तेव्हा कळलं, हेही घाबरलेत.

७ जानेवारी, मंगळवार
उपास. आज मोजलं. सकाळी उठल्यापासून अंगावर पांघरूण घालेपर्यंत शकूला किती वेळा धरावं लागतं. एकोणीस वेळा. संडास, आंघोळ, ओटा चढणं-उतरणं, जेवायला बसवणं, परत उठवणं. दुधाचा, गॅसचा, तिच्या फिटच्या गोळ्यांचा, सगळा हिशोब माझ्याकडे आहे, लग्नापासूनचा. हा एक कधी मांडला नव्हता.
मांडायला नको होता.

१० जानेवारी, शुक्रवार
सचिनला फोन केला. ते दोघं राहतात त्या बेगडेवाडीच्या स्टेशनात उभा होता, कंपनीत निघालेला. विचारलं, माझे दीड महिने शकूआत्याचं काय करायचं? "बघू ना आई. बाई ठेवू." शकू परक्या बाईला न्हाणीत येऊ देत नाही, चावते, हे त्याला ठाऊक आहे. लहानपणी त्यालाच दंडाला चावलेली, वण आहे अजून. म्हटलं, दीड महिन्याचं राहू दे, आम्ही दोघं गेल्यावर काय? "सकाळी सकाळी काय हे, आई." मग गाडी आली.
यांना सांगितलं. हे म्हणाले, होईल काहीतरी, देव आहे.
देव आहे हे मला यांनी सांगायचं? दोन वेळचा दिवा कोण लावतं या घरात?

१६ जानेवारी, गुरुवार
लोणावळ्यात विशेष मुलांची शाळा आहे तिथल्या मॅडमकडे गेले. ऑपरेशनच्या दिवसांत शकूला कुठे ठेवायचं ते विचारायला गेले आणि भलतंच घेऊन आले. म्हणाल्या, अठरा वर्षं पुरी झाली की माणूस कायद्यानं स्वतःचं मालक. भाऊ असला तरी तिच्यासाठी सही चालत नाही, ना बँकेत ना दवाखान्यात. पुण्याला कलेक्टर कचेरीत कमिटी असते, तिच्याकडून पालक नेमून घ्यायचा. "आत्या किती वर्षांच्या?" बावन्न. "म्हणजे चौतीस वर्षं उशीर झाला," हसून म्हणाल्या. चांगल्या आहेत, पण मला हसू आलं नाही.
मॅडमनी कोरा अर्ज दिला. घरी येऊन आधी कच्चा भरला, चुकायला नको:
नाव: शकुंतला. वय: ५२. अपंगत्व: मतिमंद (मॅडमनी बजावलंय, 'बौद्धिक अक्षमता' लिहा), डावी बाजू अधू, फिट येतात. पालक: मोठा भाऊ, म्हणजे हे. त्यांचं वय: ६३. सांभाळणारी: भावजय, म्हणजे मी, ५७.
दुसरा पालक:
इथे नुसती रेघ. मॅडम म्हणाल्या, तुमची वयं बघता इथे तरुण माणूस हवं. त्या माणसानं समोर येऊन सही करायची. सहीच्या वर छापलंय, 'मी स्वखुशीने'.

२ फेब्रुवारी, रविवार
कामशेतच्या पुढे बायकांसाठी एक निवासी संस्था आहे, शकूसारख्यांची. बघून येऊ म्हटलं. हे आले, पण रिक्षातून उतरले नाहीत. "तू बघ. मी शकूजवळ बसतो." शकूला आत न्यायलाच तर आणलं होतं.
एकटीच गेले. जागा स्वच्छ. बारा खाटा, बारा उशा, सगळ्यांचे गाऊन एकाच ताग्यातले. दोन बायका वाल सोलत होत्या. तिथल्या बाई कामसू वाटल्या, गोड बोलत नव्हत्या हे आवडलं. म्हणाल्या, पन्नाशीच्या पुढचं नवीन माणूस घेत नाही, त्यांना इथलं रुळत नाही. यादीत नाव ठेवते.
परत आले तर रिक्षात दोघं भाऊ-बहीण बिस्किटं खात होते. हे म्हणाले, "नाही ना घेत?" आणि तोंडावर असं समाधान, की मला वाटलं हाणावं एक. आणि माझ्याही जिवाला बरंच वाटलं, तेही खरं. मग गेले कशाला होते?

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी
हळदीकुंकू उरकलं. रोहिणी बाळाला घेऊन आली होती. सून म्हणून नाव ठेवायला जागा नाही. शकूला तिळाची वडी बारीक करून भरवली. शकूनं मंगळसूत्र ओढलं तर रागावली नाही, "आत्या, हे सोडा, हे मोडलं तर तुमचे भाचे नवीन करणार नाहीत," म्हणाली. शकू खिदळली.
दुसऱ्या पालकाचं विचारायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात शेजारच्या मुमताज भाभीशी तिचं बोलणं कानावर पडलं. बाळ वर्षाचं झालं की जूनपासून परत लॅबमध्ये, रक्त काढायच्या कामावर रुजू व्हायचं म्हणते.
पुन्हा गिळलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
शकूला फिट आली, बऱ्याच दिवसांनी. भाभींच्या बांगड्यांच्या दुकानात बसली होती, तिथेच. भाभींनी कुशीवर वळवलं, तोंडात काही कोंबू दिलं नाही कुणाला, मला हाक मारली. मी पोचेपर्यंत थांबली होती. गुडघ्यामुळे पोचायलाच वेळ लागला. दहा पावलांचं अंतर.
भाभी म्हणाल्या, "वैनी, तुजं हे असं. उद्या कुनी बगायचं हिचं?"
म्हटलं, तेच तर.
"मंग तेच तर काय करत बसलीस? इचार त्या पोरीला सरळ. तोंड दिलंय ना अल्लानं?"
तोंड दिलंय. पण विचारलं आणि नाही म्हणाली तर? आज निदान मनात तरी तीच आहे.

१८ मार्च, मंगळवार
कुरवंड्याला गेलो, आमच्या मूळ गावी, देवीला. गुरवांना सांगून कौल लावला. दोन फुलं, एक उजवीकडे एक डावीकडे. मनात धरलं: शकू रोहिणीकडे द्यावी असं असेल तर उजवं दे. पुष्कळ वेळ काही नाही. गुरव म्हणाले, "आई इचार करतीया." मग उजवं पडलं. स्वच्छ पडलं, वाऱ्यानं नाही.
इतके दिवस छातीवर धोंडा होता तो उतरला. यांना सांगितलं तर म्हणाले, मग झालं तर.

१३ एप्रिल, रविवार
बाळाचं जावळ झालं, देवीपुढे. कुरवंड्याची सगळी भावकी आली होती. पुरणाचा नैवेद्य. बाळ मुळीच रडलं नाही.
नंतर बायका रोहिणीची ओटी भरत होत्या. माझी वेळ आली तेव्हा तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि शकूला पुढे घेतलं. तिचा उजवा हात, चांगला हात, रोहिणीच्या पदरातल्या नारळावर ठेवला. म्हणाले, "देवीच्या साक्षीनं आमची शकू आजपासून तुझ्या ओटीत. आमच्यामागं तूच तिची आई."
चुलत जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. कुणीतरी म्हणालं, "लय भाग्याची सून." रोहिणी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "हो, आई." शकूला फक्त नारळ हवा होता, ती ओढत होती.
जाऊबाई म्हणाल्या, "सुटलीस गं बाई तू!"
माझं लग्न झालं त्या चैत्रात सासूबाईंनी याच जागी शकूला माझ्या ओटीत घातलं होतं. शकू चौदाची, मी एकोणिसाची, दहावी पास होऊन आलेली. आमच्यात हे असंच होतं. मी वावगं काही केलं नाही.
येताना जीपमध्ये रोहिणी बाळाला पाजत होती, तोंड खिडकीकडे.

१४ एप्रिल, सोमवार
सचिनचा फोन. इतक्या हळू बोलत होता की आधी वाटलं कुणी गेलं. "आई, तू काय केलंस ते कळतंय का तुला?"
म्हटलं, देवीनं उजवा दिला होता.
"रोहिणीला कुणी विचारलं? चाळीस माणसांत, देवीपुढे, ती नाही म्हणणार होती? मला म्हणते, तुमच्या घरात नाही म्हणायची जागा कुठे असते ती दाखव मला."
फोन यांच्याकडे दिला. हे 'हं, हं' करत राहिले आणि बंद केला.

१७ एप्रिल, गुरुवार
भाभींना सांगितलं. वाटलं होतं, त्या माझी बाजू घेतील. भाभींनी बांगड्यांचा डबा बंद केला. "हे तर पोलीस चौकीत बसवून सही घेतल्यावानी झालं की गं."
म्हटलं, माझीही अशीच घेतली होती. मी काय मेले?
"न्हाई मेलीस. पन तू कदी हसून सांगितलंस का कुनाला ते? मी तीस वर्सं बगतीया."
उठून आले. राग आला होता. अजून आहे. पण कुणाचा ते नीट लागत नाही.

२३ एप्रिल, बुधवार
आठवायचा प्रयत्न केला, त्या चैत्रात मी 'हो' म्हणाले होते का. सासूबाईंचा हात आठवतो, शकूच्या डोक्याला लावलेलं खोबरेल आठवतं, माझ्या साडीचा रंगसुद्धा आठवतो. माझा शब्द आठवत नाही. कदाचित म्हणालेच नसेन. कुणी थांबलंच नसेल तेवढं.
रोहिणीचा फोन नाही, दहा दिवस झाले. बाळाचे फोटो सचिन पाठवतो.
जपाला बसले तर आकडाच हरवतो.

२८ एप्रिल, सोमवार
कौल खोटा म्हणायचा का? तसं म्हणवत नाही. खरा म्हणायचा, तर मग रोहिणीच्या डोळ्यात त्या दिवशी काय होतं?
हे म्हणतात, "तू फार खोलात जातेस." त्यांची बहीण. त्यांच्या आईचा शब्द. आणि खोलात मी जायचं नाही, तर कुणी जायचं?

४ मे, रविवार
रोहिणी आली. न सांगता, एकटी, बाळाला कडेवर घेऊन लोकलनं. तिनं आधी शकूचा हात हातात घेतला, मग बसली. ताक दिलं, प्यायली. मग:
"आई, देवीला विचारलंत. मला नाही विचारलंत."
म्हटलं, विचारलं असतं तर?
"तर मी विचार केला असता. रडले असते, सचिनशी भांडले असते, आणि मग काय ते सांगितलं असतं. आता विचार तरी कसा करू? माझं उत्तर देऊन झालंय."
मी म्हणाले, चुकलं. नीट जमलं नाही म्हणायला. सुनेला असं कधी म्हटलेलं नाही. तिनं ऐकलं की नाही कळेना. बाळ माझ्या चष्म्याला झोंबत होतं.
मग म्हणाली, "चार दिवस आत्यांना घेऊन जाते. करून बघते. गावात कुणाला बोलू नका, नाहीतर उद्या म्हणतील, नेली बाई कायमची."
हे म्हणाले, चार दिवस? आणि उठून परसात गेले.

७ मे, बुधवार
लिहून देतेय रोहिणीसाठी. शकूचं सगळं. भात मऊ, मिरची नाही. गोळी सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात. कडा असलेलीच थाळी. आंघोळीला आधी पाय ओले करायचे, डोकं एकदम नाही. 'नको' म्हणाली तर थोडं थांबून परत विचारायचं. 'गाडी' म्हणाली तर दारात नेऊन रस्ता दाखवायचा. 'वैनी' म्हणाली तर
इथे अडले. वैनी म्हणाली तर काय करायचं? तिथे वैनी नसेल.
दोन पानं झाली. आयुष्यभराचं काम आणि दोन पानं.

८ मे, गुरुवार
सचिन गाडी घेऊन आला, शकूला नेलं. गाडी म्हटल्यावर हसत बसली. मागे वळून पाहिलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

९ मे, शुक्रवार
पाचला उठले, तिच्या गादीपाशी गेले, गादी गुंडाळलेली. परत येऊन बसले. फोन करायचा नाही असं ठरलंय. केला नाही.
दुपारी झोप लागली. दोन तास. इतक्या वर्षांत दुपारी कधी दोन तास झोपले नव्हते. उठल्यावर पाप वाटलं. आणि अंग असं हलकं, की अजून झोपावंसं वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं माणसाला?
हे आणि मी समोरासमोर बसून जेवलो. काय बोलावं कळेना. शेवटी हे म्हणाले, "आमटी छान झालीय." आमटी रोजचीच होती.

१२ मे, सोमवार
शकू आली. नखांना गुलाबी रंग, दहाच्या दहा. मला एकेक बोट दाखवत होती. केस बारीक कापलेले, मानेवर मोकळे, छान दिसते. आणि डाव्या कोपराच्या वर हाताएवढं काळंनिळं.
मी बघितलं ते रोहिणीनं बघितलं. "एकदा चावल्या. एकदा संडासात घसरल्या, मी बाळाला खाली ठेवून जाईपर्यंत. एकदा मी ओरडले त्यांच्यावर, खूप. लपवायचं नाही ठरवलंय."
म्हटलं, ओरडलीस?
"तुम्ही कधी ओरडला नाहीत, आई?"
मी शकूची बाही खाली ओढली.
ती म्हणाली, खुर्चीवर बसवून, हातात पाण्याची नळी दिली तर त्या स्वतःचं अंग स्वतः धुतात. डोकं सोडून सगळं. फक्त आपण बाहेर उभं राहायचं, पाठ करून.
अडतीस वर्षं मी तिला उभी धरून आंघोळ घालते आहे. तिला येत होतं? की रोहिणीकडेच आलं?

१३ मे, मंगळवार
रोहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. सचिन तीन वर्षांचा होता, त्याला ताप होता, हे ड्यूटीवर. शकूनं दुधाचं पातेलं सांडलं. मी तिच्या तोंडात मारली. दोनदा. ओठ फुटला. सासूबाईंना सांगितलं, पडली.
कुठल्याच वहीत हे नाही. आज लिहिलं.
देवीला ठाऊक असणारच. तिनं तरीही उजवा दिला.

२२ मे, गुरुवार
अर्जाची नक्कल मॅडमनी पुढे पाठवली, दुसऱ्या पालकाची जागा कोरी ठेवून; मूळ अर्ज माझ्याकडेच. म्हणाल्या, तारीख लागेल तेव्हा भरू.
शकूला खुर्चीवर बसवून नळी दिली. तिनं ती माझ्यावरच धरली. साडी सगळी ओली. मग हसली. मग खरंच धुतलं अंग. मी पाठ करून उभी राहिले. धरण्याचे एकोणीसचे सोळा झाले. पाठ केल्यावर हातांचं काय करायचं ते कळत नाही.

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा
पूजा केली. सात जन्म हाच नवरा मागितला, नेहमीसारखा. घरी येताना भाभी दुकानातून म्हणाल्या, "सात जन्म मागितलास नवरा? मंग शकूबी आलीच की संगं, फुकट!" रस्त्यात उभी राहून हसले मी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाभी पण.
खरंच, हा विचार कधी आला नव्हता. आणि आल्यावरही मागणं बदलावंसं वाटलं नाही. का, ते विचारू नये.

१५ जून, रविवार
काल पत्र आलं. पंचवीस तारखेला, बुधवारी कमिटी. शकूला घेऊन हजर राहायचं. दोन्ही पालकांनी. दोन्ही.
गुडघ्याची तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात.
सचिनला विचारलं, तू कर सही, तू भाचा आहेस. म्हणाला, "सही मी करीन गं. करणार कोण, रोहिणी. मग माझ्या नावाला काय अर्थ आहे?" खरं बोलला पोरगा. यांनी कधी असं म्हटलं नव्हतं. त्याच्या जागी हे असते तर खुशाल सही केली असती.

२१ जून, शनिवार
रोहिणी आणि सचिन आले. घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, वाकून वाकून फिरत होतो सगळे. रोहिणी सोमवारपासून कामावर जाऊ लागली, बाळ दिवसा तिच्या आईकडे.
म्हणाली, अर्ज दाखवा. वाचला सगळा, सावकाश, मागचं बारीक छापलेलंसुद्धा. 'मी स्वखुशीने'वर बोट ठेवलं आणि बसली. शकू तिच्या शेजारी, बाळाच्या टोपीच्या घड्या घालत.
मग रोहिणीनं पर्समधून पेन्सिल काढली आणि दुसऱ्या पालकाच्या रेघेवर आपलं नाव लिहिलं. पूर्ण नाव, सुबक अक्षर.
"आत्ता पेन्सिलनं, आई. पेनानं कधी लिहायचं ते मी सांगेन. तुम्ही सांगायचं नाही. देवीनं पण नाही."
हे म्हणाले, हो हो. मी मान हलवली.
जाताना तिनं शकूला विचारलं, "आत्या, येणार का माझ्याकडे राहायला?" आमच्यापैकी कुणीच हे कधी शकूला विचारलं नव्हतं, माझ्या तर डोक्यातही आलं नव्हतं. शकू म्हणाली, "नको." रोहिणी थांबली, दोन पानांत लिहिलं होतं तशी. परत विचारलं. शकू म्हणाली, "गाडी."
याचा अर्थ काय, ते आम्ही चौघं एकमेकांना विचारत राहिलो.

२३ जून, सोमवार
रोहिणीचा फोन आला नाही. मी केला नाही. केला तर सांगितल्यासारखं होईल.

२४ जून, मंगळवार
उपास. मॅडमचा फोन. पेन्सिलीचं सांगितलं, तर म्हणाल्या, चालत नाही, घरूनच पेनानं गिरवून आणा, सही तेवढी तिथे करतील, गर्दी असते.
यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग गिरव की. नाव तर तिनंच लिहिलंय."
तेही खरं. चूक काही नाही त्यात. अक्षर तिचं, नाव तिचं, आपण फक्त वरून फिरवायचं. उद्या तिथे गडबड नको. अर्ज पाटावर घेतला, पेन घेतलं. रोहिणीच्या 'र'वर टेकवलं.
आणि उचललं.
ठिपका पडला. निळा, तिळाएवढा. खोडून बघितला, कागदच फाटायला लागला.
मग फोन केला. ती कामावर होती, मागे कुणाची तरी नावं पुकारत होते. म्हटलं, रोहिणी, तुझ्या नावावर माझ्या पेनाचा ठिपका पडला. पुढे गिरवलं नाही. पण टेकवलं होतं.
पुकारणं चालूच होतं पलीकडे.
म्हटलं, उद्या सकाळच्या लोकलनं निघतो आम्ही. बेगडेवाडीला गाडी थांबेल तेव्हा
"माहितीये, आई." मग म्हणाली, "बघते."
पिशवी भरली. अर्ज, आधार, फोटो, गोळ्या, शकूचा जादा गाऊन, ताकाची बाटली. पेन घेतलं नाही. तिच्याजवळ असेल, तर असेल.